दिवा, भोंगा आणि कामाचा दिवस

विजेचा दिवा म्हणजे मनुष्याच्या सुखसोयींत पडलेली मोठी भर, असें शाळेंतील क्रमिक पुस्तकें सांगतात. आणि तें खोटें नाहीं. परंतु मुंबईच्या गिरणी-कामगाराला या दिव्याची पहिली ओळख झाली ती निराळ्याच स्वरूपांत. एकोणिसाव्या शतकांत परळ-लालबागच्या बहुतेक गिरण्यांत कामाचा दिवस सूर्याच्या हातीं असे. उजाडलें कीं साचे सुरू, आणि दिवस मावळून सूत दिसेनासें झालें कीं बंद. उन्हाळ्यांत हा दिवस तेरा तासांवर जाई, हिवाळ्यांत अकरांच्या आसपास येई. प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादा घालणारा कायदा त्या काळीं नव्हता. त्याचा जो कांहीं कैवार होता तो काळोखाचा.

पुढें कांहीं गिरण्यांनीं विजेचे दिवे बसविले. १९०५ सालीं कापडाच्या बाजाराला मोठी तेजी आली आणि या दिव्यांची खरी करामत दिसूं लागली. जेथें दिवे होते तेथें पहांटे सुरू झालेलें काम रात्रीं बराच वेळ चालूं लागलें. कामाचा दिवस चौदा-साडेचौदा तासांवर गेला. सूर्य मावळला तरी सुटीचा भोंगा वाजेना. त्याच वर्षीं कामगारांचा संताप रस्त्यावर आला, वर्तमानपत्रांनीं या तासांवर टीकेची झोड उठविली, सरकारनें चौकशा केल्या, १९०८ सालीं फॅक्टरी लेबर कमिशननें अहवाल दिला, आणि अखेर १९११ च्या कायद्यानें कापड-गिरण्यांतील प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. जें काम काळोख आजवर फुकट करीत होता, तेंच करण्यास कायद्याला सहा वर्षें लागलीं!

आज ‘कामाचें भवितव्य’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडीं आहे. कृत्रिम बुद्धि किती नोकऱ्या गिळील, कोणता धंदा टिकेल, मुलांना काय शिकवावें, या चिंतेनें घराघरांतून चर्चा चालतात. या चर्चेंत सर्वांची नजर यंत्रावर खिळलेली असते. जणुं यंत्र एकदां आलें कीं पुढचें सर्व आपोआप ठरतें. गिरणगांवाचा इतिहास वेगळें कांहीं सांगतो. काय करतां येणें शक्य आहे, एवढेंच यंत्रानें ठरविलें. वांचलेला वेळ व वाढलेला पैसा कोणाच्या पदरांत पडावा, हें प्रत्येक वेळीं माणसांनीं ठरविलें. कधीं कायद्यानें, कधीं संपानें, आणि बहुतेकदां नुसत्या रिवाजानें.

यंत्रानें ज्यांचें काम प्रथम गेलें त्यांची नोंद फारशी कोणी ठेविली नाहीं. त्या होत्या घरोघर चरख्यावर सूत कातणाऱ्या बायका. एका हातमागाला सूत पुरवावयाचें तर चार-सहा कातणाऱ्या लागत. आणि चरख्याला चाती एकच. लँकेशायरच्या यंत्राला शेंकडों चात्या. या शर्यतींत चरखा टिकणें शक्यच नव्हतें, आणि विलायती सूत स्वस्त होतांच तो माळ्यावर गेला. विणकर मात्र टिकला. तो गिरणीचें सूत विकत घेऊन स्वतःच्या मागावर विणीत राहिला. सोलापूर, मालेगांव हीं गांवें त्यामुळेंच पुढेंहि विणकरांचीं गांवें म्हणून वाढलीं. विणकर जातीनें व धंद्यानें ओळखला जाई, म्हणून त्याच्या हलाखीविषयीं अहवाल लिहिले गेले. कातणारी बाई मात्र कोणाची आई, कोणाची सून, कोणाची विधवा बहीण होती. तिच्या मिळकतीला धंदा असें नांवच नव्हतें. त्यामुळें ती मिळकत गेली तेव्हां कांहीं गेलें असेंहि फारसें कोणास वाटलें नाहीं.

मुंबईची पहिली कापड-गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढून ताडदेवला उभारली. १८५६ सालीं तिचें काम सुरू झालें. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुरांड्यांचें रान उठलें. त्या धुरांड्यांखालीं येऊन राहिलेला माणूस मुख्यतः कोंकणांतला व देशावरचा होता. १९११ च्या शिरगणतींत मुंबईच्या गिरणी-कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांतले आढळले. गांवीं जमिनीचा तुकडा, तो पोटाला अपुरा. म्हणून भाऊ मुंबईला, बायकामुलें गांवीं, आणि मधें मनिऑर्डर. या माणसाला कष्ट नवे नव्हते. लावणीच्या दिवसांत तो गांवींहि पहांटेपासून चिखलांत उभा असे. पण तेथें काम संपलें कीं दिवस संपे. येथें भोंगा वाजल्याखेरीज दिवस संपावयाचा नाहीं, मग अंगांत त्राण असो वा नसो.

या दिवसाला पहिली खिंड पाडण्याचें श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांचें. लोखंडे सत्यशोधक समाजाचे, कांहीं काळ स्वतः गिरणींत नोकरी केलेले, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट मुलांपुरता होता, आणि तोहि असा कीं सात वर्षांचें मूल नऊ तास कामावर ठेवण्यास त्याची हरकत नव्हती. १८८४ सालीं लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेविला. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची सुटी. दुपारीं अर्धा तास विश्रांति. सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. आणि कामावर अपघात झाला तर कांहीं भरपाई. आज या मागण्या वाचतांना त्यांच्या सौजन्याचें नवल वाटतें. तरी पहिली मागणी मान्य होण्यास सहा वर्षें गेलीं. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली. तींत दोन स्त्री-कामगारहि बोलल्या. आणि त्याच वर्षीं १० जूनला गिरणी-मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. सुशिक्षित घरांतून आज रविवार हा जणुं पंचांगानेंच दिलेला सुटीचा वार मानला जातो. गिरणगांवांत तो मागून घ्यावा लागला होता.

तासांची पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९२० च्या जानेवारींतील संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. देशाच्या कायद्यानें १९२२ सालीं अकरा तास, १९३४ सालीं दहा तास, आणि १९४६-४८ मध्यें दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा ठरविली. या काळांत यंत्रेंहि बदललीं. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्‌-केंद्रांतून टाटांची वीज गिरण्यांना मिळूं लागली. जी वीज १९०५ सालीं दिवस लांबवीत होती तीच आतां आंखूड झालेल्या दिवसांत साचे फिरवूं लागली. विजेचा स्वभाव कांहीं पालटला नव्हता.

मात्र यंत्राच्या एका लहानशा भागानें किती मोठा सामाजिक अन्याय पोसला जाऊं शकतो, याचें उदाहरण साळखात्यांत, म्हणजे विणकाम-विभागांत, होतें. मागावरच्या धोट्यांत नवी बाबीण भरली कीं सुताचें टोंक धोट्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर काढावें लागे. तें काढण्याची सर्वांत जलद रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून सूत तोंडानें ओढून घेणें. एकाच धोट्याला अशीं अनेकांचीं तोंडें लागत. एवढ्या एका कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्याचें दार बंद होतें. साळखात्यांत मजुरी अधिक मिळे. अस्पृश्यांच्या वांट्याला कमी पगाराचीं खातीं येत. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांपुढें उघडपणें टाकला आणि सर्व कामगार एक, ही घोषणा कोठें जाऊन थबकते तें दाखवून दिलें. वास्तविक हातानें सूत ओंवण्याचा धोटा जगांत अज्ञात नव्हता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें आरोग्याच्या कारणासाठीं तोंडानें ओढावयाचा धोटा १९११ सालींच कायद्यानें बंद केला होता. मुंबईंत तो चालू राहिला. मालकाला तो बदलण्यांत कांहीं लाभ नव्हता. साळखात्यांतील स्पृश्य विणकरांना न बदलण्यांत लाभ होता. रिवाज आणि यंत्र यांचें असें सख्य जमलें कीं तें तोडणें दोघांपैकीं कोणाच्याच हिताचें राहत नाहीं.

१९२८ चा हा संप उसळला तोहि यंत्रावरूनच, पण नव्या यंत्रावरून नव्हे. त्या सुमारास जपानी कापडानें गिरणी-मालकांची झोंप उडविली होती. जपानांत साकिची तोयोदा यांचा स्वयंचलित माग १९२४ सालीं तयार झाला. सूत तुटलें वा बाबीण संपली कीं तो आपली सोय आपण पाही, त्यामुळें एका माणसाला पुष्कळ माग सांभाळतां येत. मुंबईंत ससून गटाच्या गिरण्यांनीं दुसरा मार्ग धरला. माग जुनेच ठेवून विणकरानें दोनांऐवजीं तीन सांभाळावे, आणि रिंगखात्यांतील कामगारानें साच्याच्या एका बाजूऐवजीं दोन बाजू पाहाव्या, अशी ही योजना होती. तिला ‘रॅशनलायझेशन’ म्हणत. ‘विवेकीकरण’ असा त्या शब्दाचा तर्जुमाहि झाला. विवेक कोणाचा, हें तर्जुम्यानें सांगितलें नाहीं.

कामगारांचें म्हणणें अडाणीपणाचें होतें, असें पुष्कळदां लिहिलें गेलें आहे. तें मुळांत पाहिलें तर तसें वाटत नाहीं. ते म्हणत, कापूस हलक्या प्रतीचा असला कीं सूत वारंवार तुटतें. सूत तुटलें कीं तें सांधण्यास माणूस धांवतो. मग आधीं कापूस व यंत्र सुधारा आणि मागाहून माग वाढवा. हा कारागिराचा युक्तिवाद आहे, यंत्राच्या शत्रूचा नव्हे. दुसरा मुद्दा अधिक अवघड होता. तिसरा माग सांभाळणाऱ्याची मजुरी कांहीं वाढे, पण ज्याचा माग गेला त्याचें काय? त्या काळीं बेकारी-विमा नव्हता. बेकार झालेल्याचा विमा म्हणजे कोंकणांतला तो अपुरा तुकडा आणि चाळींतले गांवकरी. सुमारें दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने घरीं बसले. अखेर फॉसेट कमिटी नेमली गेली आणि ऑक्टोबरांत संप मिटला. कमिटीनें विवेकीकरणाचें तत्त्व मान्य केलें. तत्त्व मान्य होण्यास वेळ लागत नाहीं. त्याची किंमत कोणी द्यावी, येथें घोडें अडतें.

ही किंमत बव्हंशीं कोणी दिली तें पुढील पन्नास वर्षांत दिसून आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत दर पांच कामगारांत सुमारें एक स्त्री असे. सुताच्या लडी करणें, सूत गुंडाळणें हीं कामें प्रायः त्यांचीं. चीनला जाणाऱ्या सुताचा व्यापार जपाननें हिरावला तेव्हां लडी करण्याचें काम आटलें. वेगवान यंत्रें आलीं तेव्हां गुंडाळण्याचें काम आटलें. रात्रींच्या कामाला बंदी व बाळंतपणाची भरपगारी रजा हे कायदे स्त्रियांच्या हितासाठीं झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. पण दोनतीन पाळ्या चालवूं इच्छिणाऱ्या मालकाच्या हिशेबीं त्यामुळें बाईमाणूस महाग ठरलें. गिरण्यांच्या अखेरच्या काळांत तेथें स्त्रिया औषधालाच उरल्या. गेल्या कोठें? घरगुती खाणावळींत. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळां जेवूं घालण्याचा हा धंदा गिरणगांवांत घरोघर चाले; १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अशा बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. चरख्याची गोष्ट येथें पुन्हां ऐकूं येते. फरक एवढाच कीं या वेळीं बायकांच्या कामाला कोणी तरी नांव दिलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेला संप बहुतेकांना ठाऊक आहे. साठांच्या घरांत गिरण्या, सुमारें अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मिटला असें आजवर कोणी जाहीर केलें नाहीं. एक लाखाच्या आसपास माणसें कायमचीं कामास मुकलीं, असा सर्वसाधारण अंदाज आहे. नव्या यंत्रानें जुनें काम मारलें, असें गिरण्यांच्या अस्ताबद्दल म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षांत घडलें तें जवळजवळ उलट. मुंबईचें काम गेलें तें भिवंडी, मालेगांव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे, आणि त्यांतले कित्येक माग गिरण्यांनींच मोडींत काढलेले होते!

यामागें धोरणहि होतें. हातमागाच्या रक्षणासाठीं सरकारनें १९५६ सालीं गिरण्यांचे माग वाढविण्यावर बंधन घातलें. फायदा झाला यंत्रमागाचा. इचलकरंजींत विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग १९०४ सालीं आणला होता, तेव्हां तो प्रगतीचा निदर्शक होता. पुढें लहान लहान शेडमध्यें थोडे थोडे माग मांडून फॅक्टरी ॲक्टच्या कक्षेबाहेर राहतां येतें, हें धंद्याला उमगलें. विजेवर चालणाऱ्या जागेंत दहा माणसें असल्याखेरीज तो कायदा लागूच होत नसे. दहा कामगारांचा कारखाना कागदोपत्रीं दोन करणें अवघड नव्हतें. त्या शेडमधून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या रूढ झाल्या. माग तोच, कापड तेंच, वीजहि तीच. भोंगा मात्र १९११ सालावर परतला. ज्या तासांसाठीं लोखंड्यांपासून दोन पिढ्या झगडल्या, ते तास यंत्राच्या अंगांत शिरलेले नव्हते. ते गिरणीच्या भिंतींत होते, आणि मागाला भिंत ओलांडण्यास एक मालमोटार पुरली.

गिरण्यांच्या मोकळ्या झालेल्या जमिनींचें काय झालें, हा स्वतंत्र विषय आहे. फिनिक्स व कमला या गिरण्यांच्या आवारांत दुकानें, उपाहारगृहें व कचेऱ्या उभ्या राहिल्या, एवढें मुंबईकर रोज पाहतो. तेथें काम आहेच. संगणकापुढें बसणारे तरुण आहेत. त्यांतल्या कित्येकांचें घड्याळ लंडन वा न्यूयॉर्कच्या सूर्यावर चालतें. आणि त्यांचें जेवण पोंचविणारे, पाठीवर चौकोनी पेटी घेतलेले, हातांतल्या फोनकडे पाहत थांबलेले दुसरे तरुण आहेत.

या दुसऱ्या तरुणांची जात गिरणगांवाला अपरिचित नव्हती. तिला ‘बदली’ म्हणत. कायम कामगारांचे खाडे भरून काढण्यासाठीं रोज सकाळीं गिरणीच्या दारांत माणसें उभीं राहत; कोणास आंत घ्यावें तें जॉबर ठरवी, आणि जॉबरची मर्जी राखण्यास पानसुपारीपासून पगाराच्या हिश्शापर्यंत वाट्टेल तें द्यावें लागे. १९३५ सालीं मालक-संघानें बदली कामगारांना कार्डें देण्याची योजना आणली. कार्ड असलेल्यानें रोज हजर राहावयाचें, आणि काम त्यांनाच प्रथम मिळावयाचें. काम मिळेलच असें नाहीं, पण दारांत कोण उभा आहे याची निदान नोंद झाली. आज जॉबरच्या जागीं फोनमधलें गणित आहे. तें पानसुपारी घेत नाहीं, हें कबूल. परंतु जॉबरला तोंड होतें. त्याच्याशीं भांडतां येई, त्याच्या विरुद्ध सभा घेतां येई. नीति आयोगानें १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०२२ सालीं, असा अंदाज दिला कीं देशांत असे कामगार २०२०-२१ मध्यें ७७ लाख होते व २०२९-३० पर्यंत ते २ कोटि ३५ लाख होतील. राजस्थाननें २०२३ सालीं त्यांच्या नोंदणीचा व कल्याणाचा कायदा केला.

महाराष्ट्रांत सप्टेंबर २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास त्यांत कायम ठेविले आहेत, जादा कामाचा मोबदला आहे, आणि कामगाराची संमति आवश्यक मानली आहे. ही संमति बाहेर किती माणसें बदलीच्या आशेनें उभीं असतां घेतली जाणार, यावर तिची किंमत ठरेल. १९११ सालीं बारा हा आंकडा कामगाराला दिलासा म्हणून कायद्यांत आला होता. तेव्हां तो चौदांवरून खालीं उतरला होता.